‘झटके येऊन मृत्यू’ एवढ्यावर बातमी संपवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर सहा ओळींची एक बातमी होती. आठव्या महिन्यातल्या गर्भवतीला झटके आले, मोठ्या दवाखान्यात नेताना ती वाटेतच गेली, नातेवाइकांनी गोंधळ घातला, पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली. मी ती बातमी दोनदा वाचली. पोलीस होते, नातेवाईक होते, रुग्णवाहिका उशिरा आली हेही होतं. आजाराचं नाव मात्र कुठंच नव्हतं. वाचणाऱ्याला वाटावं, झटके आभाळातून पडले.

मी १९८६ ते २०१७ अशी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत परिचारिका होते. सुरुवात विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, शेवट जिल्ह्याच्या ठिकाणी. त्यातली बावीस वर्षं प्रसूतिकक्षात गेली. त्या बाईचं जे झालं, ते मी इतक्यांदा पाहिलं आहे की ती बातमी वाचून गप्प बसवेना.

आजाराचं नाव प्रीएक्लॅम्प्सिया. वीस आठवड्यांनंतर गरोदर बाईचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर जातो, लघवीतून प्रथिनं जायला लागतात किंवा यकृत, मूत्रपिंड, डोकं यांवर परिणाम दिसायला लागतो. दाब १६०/११० ला पोचला की धोका दारात आला. झटके आले की त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. आमच्या वॉर्डात ‘बीपीची पेशंट’ आणि ‘फिटची पेशंट’ असे दोनच शब्द होते. गावात त्याला पायावरची सूज म्हणायचे, आणि झटके आले की बाहेरची बाधा. जगात दर शंभर गरोदर बायकांत दोन ते आठ जणींना हा आजार होतो. तेव्हा ही दुर्मीळ गोष्ट नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा फिटच्या पेशंटसाठी वॉर्डाच्या टोकाला एक अंधारी खोली असे. खिडक्यांना जाड पडदे, दारावर ‘शांतता राखा’ आणि बाईच्या कानांत कापसाचे बोळे, कारण उजेडानं आणि आवाजानं पुन्हा झटका येतो असं मानत. औषध म्हणून मद्रासच्या डॉ. मेनन यांनी रूढ केलेलं तीन गुंगीच्या औषधांचं मिश्रण, नाहीतर डायझेपाम या गुंगीच्याच औषधाची सलाइन. बाई दीड दीड दिवस झोपून राही. घशात घरघर वाजे, आम्ही तिला कुशीवर वळवत राहू आणि तोंडातला फेस पुसत राहू. पावसाळ्यात ट्रॅक्टरवर घालून आणलेली एकोणीस वर्षांची एक मुलगी त्या खोलीत माझ्या हातावर गेली. नोंदवहीत मी ‘एक्लॅम्प्सिया’ लिहिलं. तिच्या नवऱ्यानं विचारलं, “सिस्टर, हे काय लिहिलं?” मला तेव्हा त्याला धड सांगता आलं नाही. मृत्यूचा दाखला घेऊन तो गेला आणि गावात जाऊन काय म्हणाला असेल, ते मला ठाऊक आहे.

मग मॅग्नेशियम सल्फेट आलं. आम्ही त्याला मॅगसल्फ म्हणतो. औषध जुनंच होतं आणि अगदी स्वस्त, पण ते इतर औषधांपेक्षा चांगलं आहे याचा पक्का पुरावा १९९५ साली मिळाला. भारतासह अनेक देशांतल्या १,६८७ झटके आलेल्या बायकांवर तुलना झाली, आणि डायझेपामपेक्षा मॅगसल्फनं पुन्हा झटका येण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. २००२ साली ‘मॅगपाय’ नावाचा त्याहून मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायका होत्या, भारतातल्याही होत्या. दाब वाढलेला आहे पण झटका अजून आलेला नाही, अशांना हे औषध आधीच दिलं तर झटक्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, असं त्यातून दिसलं. आमच्याकडे अंधारी खोली उजळली ती त्यानंतर. पडदे काढले. प्रत्येक डोसाआधी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का पाहायचं, श्वास मोजायचे, लघवी किती झाली ते मोजायचं आणि मॅगसल्फ अंगात जास्त झालंच तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन उशाशी तयार ठेवायचं, असा नवा धडा आम्ही शिकलो. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या बायकांची अंगकाठी लक्षात घेऊन कमी मात्रेची पद्धत बसवली आणि २००३ साली ती प्रसिद्ध केली. परदेशी पुस्तकातला डोस आपल्या हडकुळ्या बाळंतिणीला जसाच्या तसा का द्यायचा, हा प्रश्न कुणीतरी विचारला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता मुख्य गोष्ट. माझी मुलगी नर्सिंगमध्ये एम. एस्सी. करते. तिनं मला मोबाइलवर काही शोधनिबंध वाचून आणि समजावून सांगितले, तेव्हा मला कळलं की या आजारावरची जगाला उपयोगी पडलेली काही उत्तरं आपल्या नागपुरातून गेलेली आहेत. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत २०१५ ते २०१७ या काळात दाब खूप वाढलेल्या ८९४ गरोदर बायकांना निफेडिपिन, लॅबेटॅलॉल किंवा मिथिलडोपा यांपैकी दाब उतरवणारी एक गोळी तोंडानं दिली. सहा तासांत दाब आटोक्यात आला आणि काही वाईटही घडलं नाही, अशा बायका निफेडिपिनच्या गटात शंभरात ८४ होत्या, लॅबेटॅलॉलच्या ७७ आणि मिथिलडोपाच्या ७६. निकाल २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. एवढंच सांगून माझी मुलगी थांबली, पण मी तिथं अडकले. याचा अर्थ असा की शिरेतून औषध द्यायची सोय नसेल, नजर ठेवायला यंत्र नसेल, तरी साध्या गोळीनं बहुतेक बायकांचा दाब उतरवता येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता एकटी सिस्टर ड्युटीवर असते. तिच्यासाठी ही बातमी सोन्यासारखी आहे.

त्याआधी, २०१७ साली, नागपुरातल्याच सरकारी रुग्णालयांतल्या ६०२ बायकांचा अभ्यास आला होता. दाबामुळे ज्यांच्या कळा मुद्दाम सुरू कराव्या लागतात, अशा या बायका. मिसोप्रोस्टॉलची गोळी तोंडानं दिलेल्यांपैकी ५७ टक्के चोवीस तासांत नैसर्गिक बाळंत झाल्या, गर्भाशयाचं तोंड उघडायला फुग्याची फोली नळी घातलेल्यांपैकी ४७ टक्के. तिसरा अभ्यास ॲस्पिरिनचा, २०२० सालचा. सहा देशांतल्या ११,९७६ पहिलटकरणी, त्यात नागपूर परिसरातल्या आणि बेळगावकडच्या खेड्यांतल्या बायका. नागपूरकडचं काम लता मेडिकल रिसर्च फाउंडेशननं केलं. पहिल्या तिमाहीत सुरू केलेल्या ८१ मिलिग्रॅमच्या रोजच्या गोळीनं अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आली. दाबामुळे चौतिसाव्या आठवड्याआधीच बाळंतपण करावं लागण्याचं प्रमाणही घटलं.

या बायका कोण होत्या, ते मी डोळे मिटून सांगू शकते. जनरल वॉर्डातल्या, दोघींत एक गादी वाटून घेणाऱ्या, सासूला बाहेर व्हरांड्यात बसवून आलेल्या. डॉक्टर संमतीचा कागद वाचून दाखवत, त्या सही करत किंवा अंगठा उठवत. त्यांच्या त्या अंगठ्यांवर जगभरच्या डॉक्टरांचं ज्ञान वाढलं. पण या अभ्यासांची मराठीतली बातमी माझ्या वाचनात आली नाही, आणि मी पेपर रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. उत्तरं आमच्याकडून इंग्रजीत गेली. ती मराठीत आमच्या बायकांकडे परत यायला हवीत, एवढंच मला या पत्रात म्हणायचं आहे.

परत आली नाहीत तर काय होतं? ॲस्पिरिनचंच घ्या. ज्यांना धोका जास्त, म्हणजे मागच्या खेपेला हा आजार झालेल्या, जुळी असलेल्या, आधीपासून दाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या, अशांना डॉक्टर कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. २०१७ च्या एका, मुख्यतः युरोपातल्या, अभ्यासात धोका जास्त असलेल्या बायकांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिल्यावर अपुऱ्या दिवसांतला प्रीएक्लॅम्प्सिया साठ टक्क्यांहून जास्त कमी झाला होता. पण पुरता फायदा हवा तर ती गोळी सोळाव्या आठवड्याआधी सुरू व्हावी लागते. आणि आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते! आशाताई दारावरून जाते, सासू म्हणते, “आमच्याकडे काही नाही.” चौथ्या महिन्यात नाव नोंदवतात, पाचव्यात पहिली तपासणी, तोवर गोळीची योग्य वेळ निघून गेलेली. रीत मोडा असं मी म्हणत नाही. शेजारीपाजारी नका सांगू, पण दवाखान्यात सांगा. (ही गोळी आपल्या मनानं कुणी घेऊ नये, डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.)

दुसरी रीत माहेरची. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी जाते. हा आजार पहिलटकरणीला जास्त होतो आणि सातव्या महिन्यानंतरच जास्त जोर धरतो, आणि नेमकी तेव्हाच तिची फाइल सासरच्या कपाटात राहते! नव्या डॉक्टरांना आधीचा दाब ठाऊक नसतो. १३०/८४ पाहून ते म्हणतात ठीक आहे. तिसऱ्या महिन्यात तो ९६/६० होता हे त्यांना कोण सांगणार?

माझ्या भाचीचं असंच झालं. २०१५ साल. ती सव्वीस वर्षांची, पहिलीच खेप, चौतिसावा आठवडा. फाइल सासरी. दोन दिवस डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, काळजाखाली जळजळत होतं. जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं, तिथं पित्ताची गोळी आणि पातळ औषध देऊन परत पाठवलं. बहिणीचा फोन आला, “ताई, हिला पित्त झालंय बघ, उलटी थांबत नाही.” मी विचारलं, “दाब किती होता?” ती म्हणाली, “दाब नाही बघितला गं.” मी घरातलं यंत्र पिशवीत टाकलं आणि एस.टी.नं चाळीस किलोमीटर गेले. दाब १७४/११२. हात सुजलेले, अंगठी बोटात रुतलेली. शेजाऱ्याच्या जीपनं तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेत एकच विचार होता, हिला गाडीत झटका आला तर मी जीभ कशी सांभाळू. नशिबानं तिथं गोळी आणि मॅगसल्फ तासाभरात मिळालं. दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, सतराशे ग्रॅमची. अठरा दिवस काचेच्या पेटीत होती.

काळजाखालची ती जळजळ म्हणजे पित्त नव्हे, सुजलेलं यकृत. हे गावोगावच्या भिंतींवर लिहिलं पाहिजे.

लोक म्हणतात, दाब म्हणजे टेन्शन. नाही हो. आजाराचं मूळ वारेत, म्हणजे प्लॅसेंटात आहे. वार रुजताना गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावाव्या लागतात, म्हणजे बाळाला रक्त भरपूर मिळतं. या आजारात त्या पुरेशा रुंदावत नाहीत. रक्त कमी पडलेली वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की तिच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. त्यातल्या एका प्रथिनाचा छडा भारतातून अमेरिकेत गेलेल्या डॉ. अनंत करुमंची यांच्या बोस्टनमधल्या गटानं २००३ साली लावला. गाभण उंदीर माद्यांच्या अंगात ते वाढवल्यावर त्यांचाही दाब वाढला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली. त्यावर बेतलेल्या रक्ततपासणीला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली आहे. वार बाहेर आल्याशिवाय आजार जात नाही, म्हणून बाळंतपण लवकर करावं लागतं. मी हे सविस्तर लिहिते आहे, कारण सुनेला ‘तू काळजी फार करतेस म्हणून झालं’ असं सुनावणाऱ्या घरांची मला चीड येते. तिचा दोष तसूभरही नाही.

कॅल्शियमचंही असंच. आपल्याकडे गरोदर बाईला रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या देतात. खडूसारख्या मोठ्या गोळ्या, बायकांना त्या नकोशा होतात. गृहभेटीला गेले की फडताळात, गादीखाली, एकदा तर गोठ्यातल्या कोनाड्यात मला पाकिटंच्या पाकिटं सापडली आहेत. २०२४ साली बंगळूरच्या आणि टांझानियातल्या प्रत्येकी ११,००० बायकांचा अभ्यास आला: प्रीएक्लॅम्प्सिया टाळण्याच्या बाबतीत रोजचं ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम १,५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी ठरलं नाही. कमी मात्राही पुरते, हे एवढ्या मोठ्या अभ्यासातून कळल्यावर गोळ्या कशा द्याव्यात याचा विचार आरोग्य खात्यानं जरूर करावा. तोवर बायांनो, सांगितलेल्या गोळ्या घ्या, फक्त लोहाच्या गोळीबरोबर एका वेळी नको.

आणि एक कडू गोष्ट. एका ठिकाणी बदली होऊन गेल्यावर मी माता-बाल कार्डांचा गठ्ठा चाळला. एकामागून एक कार्डावर दाब ११०/७०. एकाच हातानं, एकाच पेनानं. दाबाचं यंत्र कपाटात होतं, त्याचा रबरी फुगा फाटलेला. ज्यांनी हे आकडे भरले त्यांच्यावर कामाचा डोंगर होता हे मी जाणते, मीही त्याच डोंगराखाली होते. पण न मोजता लिहिलेला दाब कोऱ्या रकान्यापेक्षा घातक आहे. कोरा रकाना पाहून पुढचा डॉक्टर निदान विचारतो तरी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, २०१६ पासून. तिथं रांग मोठी असते. तरी बाईला पाच मिनिटं पाठ टेकून बसू द्यावं, स्वेटरवरून पट्टा बांधू नये आणि आकडा तिला मोठ्यानं सांगावा. “बाई, तुमचा दाब एकशे अठ्ठावीस-ब्याऐंशी.” निरक्षर बाईलाही आकडा लक्षात राहतो. तिला बाजारातला कापसाचा भाव पाठ असतो.

आता बाळंतपणानंतरचं. घरच्यांना वाटतं, मूल झालं, सुटली. पण बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास दाब पुन्हा चढतो, आणि झटके तेव्हाही येऊ शकतात. आपली बाळंतीण तोवर घरी आलेली असते, शेक-शेगडीच्या खोलीत, सव्वा महिना बाहेर पडायचं नाही. डोकं दुखलं तर “वारं लागलं” म्हणून कानाला फडकं बांधतात. माझ्या भाचीचा दाब सहाव्या दिवशी १६०/१०० होता. तो मोजला गेला, कारण मी बाळ-बाळंतिणीला बघायला गेले होते आणि यंत्र पिशवीत होतं. घरात मावशी परिचारिका नसलेल्या बाळंतिणीचा दाब कोण मोजणार? सुटी देताना कागदावर ‘दाब तपासा, तिसऱ्या, सहाव्या दिवशी’ एवढी ओळ आणि आशाताईच्या पिशवीत चालू यंत्र, यापेक्षा जास्त मी मागत नाही.

भाची आता छत्तिशीची आहे. तीन वर्षांपूर्वी तिला कायमचा दाब निघाला. त्या डॉक्टरांनी खाणं विचारलं, झोप विचारली, गरोदरपणाबद्दल काही विचारलं नाही. वास्तविक या आजारातून गेलेल्या बाईला पुढे कायमचा दाब जडण्याची शक्यता साडेतीनपटींहून जास्त असते आणि हृदयविकाराची सुमारे दुप्पट. २००७ सालीच हे अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेलं आहे. तिला कुणी सांगितलं असतं, तर तिनं दरवर्षी दाब पाहिला असता.

महाराष्ट्राचा माता मृत्यू दर देशात कमी असणाऱ्यांपैकी आहे. २०१८ ते २०२० या काळात देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू झाला, तेव्हा आपल्याकडे ३३. त्या ३३ मध्ये आपल्या बातमीतल्यासारख्या बायका असतात, आणि त्यांतल्या पुष्कळ वाचवता येण्याजोग्या असतात.

म्हणून संपादक महोदय, पुन्हा अशी बातमी आपल्या वार्ताहराकडे येईल तेव्हा पोलीस ठाण्याबरोबर त्यानं दवाखान्यातही चार प्रश्न विचारावेत. बाईचा दाब शेवटचा कधी मोजला होता आणि किती होता? लघवी तपासली होती का? मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी मॅगसल्फचा पहिला डोस दिला होता का? तो द्यायची परवानगी उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेलाही आहे, दोन्ही कुल्ल्यांत पाच पाच ग्रॅम, खोल स्नायूत. आणि दाब उतरवणारी गोळी तिथं शिल्लक होती का? या चार उत्तरांसह बातमी छापा, मग ती दहा ओळींची होईना का. आजाराचं नाव मराठीत नीट छापा. २२ मे हा जागतिक प्रीएक्लॅम्प्सिया दिन असतो. त्या दिवशीच्या अंकात अर्धं पान द्या आणि नागपूरच्या डॉक्टरांना त्यांच्या अभ्यासाबद्दल मराठीत लिहायला सांगा. लागेल तेवढी मदत मी करीन. मला टंकलेखन येत नाही, पण माझी मुलगी करून देईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, विदर्भ
(नाव-पत्ता सोबत दिला आहे. भाचीचा उल्लेख असल्यामुळे तो प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)